दोन कोअरचा सहप्रोसेसर 'चालू होतो' की 'चालू होतात'?

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या वाचकांनी विचारलेला हा प्रश्न आहे. मराठी माध्यमातून डिप्लोमाला आलेल्या मुलांसाठी ते लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या मुळाशी असलेल्या, हार्डवेअर सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) डिव्हाइस ट्रीवर, म्हणजे चिपमधल्या भागांचे वर्णन करणाऱ्या फाइलवर, मराठीत टिपण लिहीत आहेत. त्यातल्या एका वाक्यावरून त्यांच्या विभागात मतभेद झाला. वाक्य असे: "दोन कोअर असलेला सहप्रोसेसर लॉकस्टेप मोडमध्ये चालू होतो." (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला सूचना चालवणारा भाग; लॉकस्टेप म्हणजे दोन कोअरनी तेच काम जोडीने करणे.) एका सहकाऱ्यांचे म्हणणे, कोअर दोन आहेत तर 'चालू होतात' पाहिजे. जोडीला आणखी दोन शंका आहेत: 'रिमोट प्रोसेसर'ला (कर्नलमध्ये अशा सहप्रोसेसरचे हेच नाव आहे) 'दूरस्थ प्रक्रियक' म्हणावे का, आणि 'लॉकस्टेप'ला 'कदमताल' चालेल का.

व्याकरणापुरते उत्तर सरळ आहे. वाक्याचा कर्ता 'सहप्रोसेसर' आहे, 'कोअर' नाही. 'दोन मजले असलेला वाडा पडला' असेच आपण म्हणतो. मजले दोन आहेत म्हणून 'वाडा पडले' होत नाही. सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यातच 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. तो अनेक ट्रान्सप्युटर (एकमेकांना जोडता येतील असे प्रोसेसर) एकत्र जोडून केलेला होता, तरी क्रियापद एकवचनीच राहिले. तेव्हा तुमचे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे.

तरीही तुमच्या सहकाऱ्यांची शंका मला रास्त वाटते. 'सहप्रोसेसर' हा शब्द या विषयात एका जागी स्थिर राहत नाही. कधी तो दोन कोअरच्या अख्ख्या गटाला लागतो, कधी त्यातल्या एकेका कोअरला. टिपणात तो दोन्ही अर्थांनी आला की क्रियापद कितीही शुद्ध असले तरी मुलांचा गोंधळ होणारच. म्हणून माझा आग्रह असा, की क्रियापदाशी झगडू नका, कर्ता नीट निवडा. त्यासाठी डिव्हाइस ट्रीमध्ये हे वर्णन कसे लिहितात ते जवळून पाहावे लागेल.

यूएसबीला जोडलेले उपकरण स्वतःची ओळख स्वतः सांगते. चिपच्या आत बसवलेले भाग तसे सांगत नाहीत. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे, त्याची रिसेटची तार कुठून येते, त्याच्यासाठी किती मेमरी राखून ठेवायची, हे कर्नलला लिहूनच द्यावे लागते. ते लिहिण्याची फाइल म्हणजे डिव्हाइस ट्री. कल्पना जुनी आहे, ओपन फर्मवेअरच्या १९९४ च्या प्रमाणकातली. आर्म चिपांसाठी लिनक्सने ती साधारण २०११ पासून जोमाने स्वीकारली.

आता टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या के३ कुळातली एएम६५एक्स ही चिप घ्या. लिनक्स चालतो कॉर्टेक्स-ए५३ कोअरवर. शेजारीच दोन कॉर्टेक्स-आर५एफ कोअरचा एक क्लस्टर आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये त्या क्लस्टरचा एक नोड, म्हणजे वर्णनाचा एक कप्पा, असतो, 'आर५एफएसएस@४१००००००' या नावाचा. त्याच्या पोटात दोन नोड असतात: 'आर५एफ@४१००००००' आणि 'आर५एफ@४१४०००००'. ॲटच्या चिन्हापुढचा आकडा हेक्समधला पत्ता आहे. (आतल्या नोडला 'चाइल्ड नोड' म्हणतात. कायद्यात पोटकलम असते, घरात पोटभाडेकरू असतो, तसा 'पोटनोड' हा शब्द मराठीत सहज बसतो. मी तोच वापरतो आणि तुम्हीही वापरावा असे सुचवतो.) प्रत्येक पोटनोडमध्ये त्या त्या कोअरची टीसीएम, म्हणजे कोअरला अगदी चिकटून असलेली वेगवान मेमरी, कुठे आहे ते लिहिलेले असते, एएम६५एक्समध्ये 'ए' आणि 'बी' असे तिचे दोन भाग, प्रत्येकी ३२ केबी. त्या कोअरच्या फर्मवेअरच्या (कोअरवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलचे नाव, रिसेट, राखीव मेमरी, मेलबॉक्स (लिनक्स आणि कोअर यांच्यात निरोप देण्याची सोय) हेही तिथेच.

आणि बाहेरच्या, क्लस्टरच्या नोडमध्ये एक छोटी ओळ येते: 'टीआय,क्लस्टर-मोड'. या चिपवर तिची किंमत ० असेल तर स्प्लिट मोड, १ असेल तर लॉकस्टेप. ओळ लिहिलीच नाही तर लॉकस्टेप धरला जातो.

स्प्लिटमध्ये दोन्ही कोअर सुटे असतात. दोघांचे फर्मवेअर वेगळे, कामे वेगळी. लॉकस्टेपमध्ये दोन्ही कोअर एकच फर्मवेअर, त्याच सूचना, त्याच क्रमाने चालवतात आणि चिपमधले सर्किट दोघांचे निकाल सतत ताडून पाहते. फरक पडला की बिघाडाचा इशारा. ब्रेक किंवा स्टिअरिंगसारख्या जोखमीच्या कामात ही पद्धत वापरतात, त्यामुळे चाकण-हिंजवडीच्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करणाऱ्यांच्या तोंडी लॉकस्टेप हा शब्द रोजचा आहे.

पोटनोड मात्र दोन्ही मोडमध्ये दोनच लिहायचे असतात. लॉकस्टेप आहे म्हणून दुसरा पोटनोड गाळता येत नाही. सिलिकॉनवर कोअर दोन आहेत आणि फाइल सिलिकॉनचे वर्णन करते. याउलट लिनक्सच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे हे कोअर सुरू करणाऱ्या नि थांबवणाऱ्या कर्नलच्या भागाकडे, पाहा. चालू असलेल्या बोर्डवर सिस-क्लास-रिमोटप्रॉक या फोल्डरची यादी काढली, तर स्प्लिटमध्ये या क्लस्टरच्या दोन नोंदी दिसतात आणि लॉकस्टेपमध्ये एकच. म्हणजे फाइलमधले वाक्य 'असणे' या क्रियापदाचे: "क्लस्टरमध्ये दोन कोअर आहेत." ते मोडने बदलत नाही. ड्रायव्हरचे वाक्य 'होणे' या क्रियापदाचे: "सहप्रोसेसर चालू होतो" किंवा "दोन सहप्रोसेसर चालू होतात." ते मोडप्रमाणे बदलते. तुमच्या विभागातला वाद इथून निघाला आहे. एकाच्या डोळ्यांपुढे फाइल होती, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे चालू बोर्ड.

म्हणून तीन शब्द तीन कामांना बांधून टाका. दोन कोअरना कवेत घेणारा तो 'क्लस्टर'. सिलिकॉनवरचा प्रत्यक्ष गाभा तो 'कोअर'. आणि कर्नल ज्याला एक एकक म्हणून सुरू करतो नि थांबवतो, फक्त तोच 'सहप्रोसेसर'. मग वाक्ये अशी होतील: "लॉकस्टेप मोडमध्ये क्लस्टरचे दोन्ही कोअर मिळून एक सहप्रोसेसर होतो." "स्प्लिट मोडमध्ये प्रत्येक कोअर हा स्वतंत्र सहप्रोसेसर असतो." आता 'होतो' की 'होतात' हा प्रश्न पडत नाही. एएम६४एक्स या चिपवर लॉकस्टेप नाही. तिथे 'सिंगल-सीपीयू' मोड आहे, त्यात फक्त शून्य क्रमांकाचा कोअर चालतो आणि दुसऱ्याची टीसीएमही वापरतो. एएम६२ मध्ये तर या क्लस्टरमध्ये एकच कोअर आहे. या तीन शब्दांत तेही नेमके सांगता येते: "या क्लस्टरमध्ये एकच कोअर आहे आणि तोच सहप्रोसेसर."

'गाभा' हा शब्द मी वर एकदा वापरला, पण टिपणात कोअरच ठेवा. केळीचा गाभा, विषयाचा गाभा; आपल्या मनात एका वस्तूला गाभा एकच असतो, आणि 'गाभे' हे अनेकवचन कानाला टोचते. 'सहप्रोसेसर'मध्ये संस्कृत उपसर्ग आणि इंग्रजी शब्द असा जोड झाला म्हणून बिचकू नका. 'विनाहेल्मेट' पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येते.

एका बारीक पण खऱ्या अडचणीकडे मात्र लक्ष द्या. 'प्रोसेसर' आणि 'कोअर' हे आपण अकारान्त पुल्लिंगी चालवतो, देव-दगड यांच्यासारखे. अशा नामांचे अनेकवचन दिसत नाही: एक दगड, दोन दगड, एक कोअर, दोन कोअर. मूळ मराठी शब्दांत विभक्ती लागली की फरक उघड होतो: दगडाचा, दगडांचा. इंग्रजीतून आलेल्या शब्दांना आपण बहुधा सामान्यरूप करत नाही. 'कोअरला' आणि 'कोअरना' यांत वचन कळते, पण 'कोअरचे फर्मवेअर' यात कळत नाही. एका कोअरचे की दोन्ही कोअरचे? स्प्लिट मोडमध्ये फर्मवेअर दोन असतात, लॉकस्टेपमध्ये एकच चालते, आणि हा फरक मुलांना शिकवायचा आहे. 'कोअरांचे' असे लिहिले तर अर्थ कळेल, पण वर्गात तसे कोणी बोलत नाही. माझी शिफारस: अशा प्रत्येक ठिकाणी 'प्रत्येक', 'दोन्ही' किंवा क्रमांक घाला. "प्रत्येक कोअरचे फर्मवेअर वेगळे असते." "दोन्ही कोअर एकच फर्मवेअर चालवतात." वाक्य थोडे लांबते, पण त्याचा अर्थ एकच निघतो.

आता 'दूरस्थ प्रक्रियक'. हा शब्द मला अजिबात पटत नाही. 'दूर' म्हटले की मराठीत अंतर येते: दूरध्वनी, दूरदर्शन, दूरस्थ शिक्षण. हे कोअर लिनक्सच्या कोअरपासून काही मिलिमीटरवर, त्याच चिपमध्ये आहेत. इथल्या 'रिमोट'चा अर्थ अंतराचा नाही, कारभाराचा आहे. लिनक्स त्यांना सुरू करतो, थांबवतो, पण आपल्या कामांच्या रांगेतले एकही काम त्यांना देत नाही. त्यांचे फर्मवेअर वेगळे, टीसीएम वेगळी, आणि लिनक्सशी बोलणे मेलबॉक्स आणि राखीव मेमरीच्या मार्फत. एकाच वाड्यात राहून वेगळी चूल मांडलेले हे बिऱ्हाड आहे. तेव्हा कर्नलमधल्या व्यवस्थेचे नाव म्हणून 'रिमोटप्रॉक' जसेच्या तसे ठेवा आणि अर्थ सांगताना 'स्वतंत्र कारभाराचा सहप्रोसेसर' म्हणा.

यावर कोणी विचारेल, मग 'सह' तरी बरोबर आहे का? इंटेलचा ८०८७ हा १९८० सालचा गणिताचा सहप्रोसेसर ८०८६ च्याच सूचनांच्या प्रवाहावर नजर ठेवून असे आणि त्यातल्या आपल्या वाटच्या सूचना उचले. तिथे 'सह' अगदी नेमका होता. आर५एफ कोअर तसे करत नाहीत. पण 'सह' हा उपसर्ग मराठीत पुरेसा सैल आहे. सहलेखक बरोबरीचा असतो, सहसंचालक संचालकांच्या हाताखालचा असतो, सहप्रवासी नुसता शेजारी बसलेला असतो. 'उपप्रोसेसर' म्हटले तर दुय्यमपणा ठाम होतो, आणि ब्रेक सांभाळणाऱ्या कोअरला दुय्यम म्हणणे मला योग्य वाटत नाही. 'सह' राहू द्या.

'कदमताल' नको. एनसीसीत ही आज्ञा ऐकलेल्यांना तिचा अर्थ माहीत आहे: जागच्या जागी पावले आपटणे. लॉकस्टेपमध्ये कोणी जागच्या जागी नाही; दोघे पुढे चालले आहेत, आणि प्रत्येक पाऊल जुळते का हे तिसरा पाहतो आहे. ही ताडून पाहण्याची क्रियाच लॉकस्टेपचे प्रयोजन आहे आणि 'कदमताल'मध्ये तिचा मागमूस नाही. लॉकस्टेप हाच शब्द ठेवा. 'स्प्लिट'साठी मात्र आपला 'सुटा' शब्द छान आहे: "या मोडमध्ये कोअर सुटे चालतात." 'विभक्त' म्हटले तर मुले व्याकरणाच्या तासाला जातील.

शेवटी क्रमांकांबद्दल. चिपच्या कागदपत्रांत कोअर ० आणि कोअर १ असतात. मराठीत 'पहिला कोअर' लिहिले की निम्मी मुले ० समजतात, निम्मी १. टिपणात 'पहिला' आणि 'दुसरा' हे शब्द कोअरसाठी वापरूच नका. 'कोअर ०' आणि 'कोअर १' असेच लिहा. याचा परिणाम प्रयोगशाळेत लगेच दिसतो. के३ कुळाच्या क्लस्टरमध्ये स्प्लिट मोडला कोअर ० आधी सुरू करावा लागतो, आणि थांबवताना कोअर १ आधी थांबवावा लागतो. "पहिला कोअर आधी सुरू करा" असे वाचून कोणी कोअर १ ला सुरू होण्याची आज्ञा दिली, तर ड्रायव्हर ती नाकारतो, आणि ते मूल तास संपेपर्यंत चूक फर्मवेअरमध्ये शोधत बसते.