बोटानं वाचायची काच

(जुन्या काचसामानाबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं.)

प्रश्न : आजीच्या फडताळात जाड काचेचं साखरेचं भांडं सापडलं. अंगावर हिऱ्यासारखी नक्षी आहे आणि तळाला ‘आरडी’ ही इंग्रजी अक्षरं अन् पुढे दोन लाखांच्या वरचा आकडा. कुणी म्हणतं कट ग्लास, कुणी म्हणतं साच्यातलं. खरं काय?
– एक वाचक भगिनी, शाहूपुरी

उत्तर : ताई, फोटो छान आलाय, पण काच फोटोत कळत नाही, हातात घ्यावी लागते. भांडं धुऊन, कोरडं करून मांडीवर घ्या आणि डोळे मिटून नक्षीवरून बोट फिरवा. कट ग्लासची नक्षी फिरत्या चाकावर घासून काढतात, त्यामुळे तिची कड बोटाला बोचते. साच्यातल्या काचेची कड गुळगुळीत लागते, चोखून झिजलेल्या खडीसाखरेसारखी. मग काठापासून तळापर्यंत उभी बारीक रेघ लागते का ते पाहा. ती साच्याची शिवण. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे ती उमटते. एखादं भांडं दोन भागांच्या साच्यातलं असतं, एखादं तीन किंवा चार. शिवण सापडली नाही म्हणून लगेच कट ग्लास समजू नका. काही कारखाने भांडं परत भट्टीच्या तोंडाशी धरून शिवण वितळवून टाकायचे.

आता बोट आत घाला. ही परीक्षा माझ्या सगळ्यात आवडीची. वितळलेल्या काचेचा गोळा साच्यात पडतो आणि वरून दट्ट्या दाबतात, आपल्या चकलीच्या सोऱ्याला असतो तसा. बाहेरचा आकार साचा देतो, आतला दट्ट्या देतो. त्यामुळे बाहेर कितीही कंगोरे असले तरी प्रेस्ड ग्लास, म्हणजे अशी साच्यात दाबलेली काच, आतून सपाट लागते. बाहेर फुगवटा आणि त्याच जागी आत खळगा लागला, तर ती काच साच्यात फुंकलेली आहे, दाबलेली नाही. ही दाबण्याची रीत अमेरिकेत १८२० नंतरच्या दहा वर्षांत रुळली आणि श्रीमंतांच्या कट ग्लासची नक्षी साध्या घरातल्या टेबलावर आली.

माझ्या वडिलांचं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत काचसामानाचं दुकान होतं. पेंढ्यात भरलेली खोकी उघडली की ते प्रत्येक नगाला नखानं टिचकी मारत. शिसं घातलेली काच घुमते, घंटेसारखी लांबवर. सोडा-चुन्याची काच ‘टण्’ करून गप्प बसते. १८६४ साली अमेरिकेत विल्यम लेटन यांनी सोडा-चुन्याची स्वस्त आणि चांगली काच तयार केली, आणि त्यानंतरचा बहुतेक प्रेस्ड माल असा थोडक्यात बोलणारा आहे. टिचकी हलकी मारा, आणि तडा दिसत असेल तर मारूच नका.

तुमच्या आकड्याबद्दल. ‘आरडी’ म्हणजे ब्रिटनमध्ये नोंदवलेली नक्षी. १८८४ पासून हे नंबर ओळीनं देत गेले. त्याआधी, १८४२ ते १८८३, चौकटच्या पत्त्यासारखी खूण असे. दोन लाखांच्या थोडा वरचा आकडा म्हणजे १८९० ते १९०० च्या दरम्यानची नोंद. पण ही तारीख नक्षीच्या जन्माची आहे, तुमच्या भांड्याच्या नव्हे. चालणारी नक्षी कारखाने पुढे वर्षानुवर्षं काढत राहायचे. याच खुणांच्या शेजारी मोराचं डोकं दिसलं, तर ते इंग्लंडातल्या गेट्सहेडच्या सोवर्बी कारखान्याचं भांडं.

वय ताडायला तळाची झीज बघा. खरी झीज वेड्यावाकड्या बारीक ओरखड्यांची असते, सगळ्या दिशांना जाणारी, आणि जिथे भांडं टेकतं तिथेच. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्यानं मला ‘शंभर वर्षांचा’ म्हणून एक बोल दिला. घरी खिडकीत धरला तर तळावरचे ओरखडे सगळे एकाच दिशेनं, सॅंडपेपर ओढल्यासारखे. पैसे गेले याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते एका चांगल्या नव्या बोलला उगाच ओरबाडल्याचं. तेव्हापासून तळ पाहिल्याशिवाय मी पाकिटाला हात लावत नाही.

प्रश्न : लग्नात आलेला नारिंगी रंगाचा ग्लास आहे, उन्हात धरला की रॉकेलच्या तवंगासारखे रंग खेळतात. तळाला इंग्रजीत ‘जैन’ लिहिलंय. देशीच दिसतो. ठेवावा की मोडीत द्यावा?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मोडीत देऊ नका हो! हा फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचा ग्लास आहे, आणि या काचेला परदेशातले संग्राहक शोधत असतात. अशा काचेला कार्निव्हल ग्लास म्हणतात. काच गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारतात आणि पृष्ठभागावर तो इंद्रधनुषी पापुद्रा बसतो. अमेरिकेत फेंटन कारखान्यानं १९०७ साली ही काच बाजारात आणली. नाव बरंच मागाहून पडलं, जत्रेत बक्षीस म्हणून वाटायचे त्यावरून. मूळ काचेचा रंग ओळखायचा तर तळाशी, फवारा न पोचलेल्या जागी, उजेड पाडून बघा.

रंग फक्त वरवर आहे, हे लक्षात ठेवा. राख, तारेची घासणी, घासायची पावडर, काहीही लावू नका. एकदा गेलेला पापुद्रा परत येत नाही.

आणि ‘देशीच’ हा शब्द तुम्ही ज्या सुरात लिहिलाय तो मला खटकला, म्हणून मोकळेपणानं सांगते. आपल्याकडे विलायती शिक्का दिसला की फडताळात पहिली जागा मिळते आणि देशी नग भंगारवाल्याच्या पोत्यात जातो. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना १९०८ चा, एकेक पैसा गोळा करून उभारलेला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा १९१६ चा. तिथला प्रभाकर कंदील कुणाच्या घरी नव्हता? कंदिलाची काच फुंकलेली, प्रेस्ड नव्हे, पण भट्टी आपल्या भागातली होती. विलायती नक्षीच्या वह्या छापून आल्यात, नंबर आहेत, खुणा आहेत. आपल्या काचेच्या वह्या फारशा कुणी लिहिल्या नाहीत, तेव्हा तुमचा ग्लास कुठून आला, कुणी दिला, कोणत्या साली, हे एका चिठ्ठीवर लिहून ग्लासात घालून ठेवा. ती चिठ्ठीही संग्रहातला नगच आहे.

प्रश्न : पोपटी रंगाची बशी नोटा तपासायच्या दिव्याखाली हिरवीगार चमकते. विषारी आहे का?
– एक कापड व्यापारी, इचलकरंजी

उत्तर : युरेनियम ग्लास. रंगासाठी काचेत थोडं युरेनियम घालत, आणि तुमच्या जांभळ्या दिव्यात ते झळाळतं. चमक भडक हिरवी असेल तर युरेनियम, अगदी फिकी असेल तर मँगनीजही असू शकतं. कपाटात ठेवायला काही हरकत नाही. रोज जेवायला वापरू नका, आंबट तर नकोच. फुटली तर तुकडे झटपट उचलून टाका.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात माळ्यावर चढवायची राहिलेली एक पेटी चिखलात गेली. एकात एक घातलेले सहा नक्षीदार ग्लास अडकून बसलेत, आणि काचेवर पांढरट धूसर थर आहे. तेव्हापासून पेटी तशीच आहे, उघडवत नाही.
– एक वाचक भगिनी, शुक्रवार पेठ

उत्तर : समजू शकते. पण उघडा. कोरडा चिखल खरवडू नका, त्यातली वाळू काचेवर रेघा मारते. टबात जुना टॉवेल अंथरा, कोमट पाणी भरा, रात्रभर भिजू द्या. मग नक्षीच्या खाचांतून मऊ टूथब्रश फिरवा. अडकलेल्या ग्लासांना पिळायचं नाही. वरच्यात गार पाणी भरा, खालचा कोमट पाण्यात धरा. आतला किंचित आकसतो, बाहेरचा किंचित फुलतो, आणि हलक्या हातानं सुटतो. कोमट म्हणजे कोमटच. जुनी काच अचानक तापली तर तडकते, म्हणून या ग्लासात पुढेही कधी गरम चहा ओतू नका.

पांढरा थर क्षारांचा असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास ठेवल्यावर निघून जातो, बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत हेच होतं. तरीही राहिला, तर काचच झिजली आहे आणि घासून ती उजळणार नाही. तसे ग्लास उजेडाला पाठ करून मांडा. सहाही निघाले तर परत एकात एक रचू नका, मध्ये वर्तमानपत्राचा कागदसुद्धा नको, तो ओल धरतो. वेगवेगळे, पालथे न घालता, सुती फडक्यावर ठेवा. आणि किती निघाले ते मला कळवा.