'छट' की 'छठ'? आणि चार दिवसांच्या व्रताला सहाचं नाव का?

प्रश्न असा आहे: बिहारकडच्या लोकांच्या सूर्याच्या व्रताचं नाव मुंबईतल्या फलकांवर 'छट पूजा' आणि 'छठ पूजा' दोन्ही दिसतं, बरोबर काय? आणि व्रत चार दिवसांचं असताना नाव सहाचं कसं?

'छठ'च लिहावं. मूळ शब्द षष्ठी, प्राकृतात छट्ठी, पुढे छठ. आपल्या तोंडी शेवटचा महाप्राण (ठ, थ मधला ह-कार) सैल पडतो (हिंदीतला 'हाथ' आपल्याकडे 'हात'), म्हणून 'छट' ऐकू येतं. पण सणाचं नाव ज्यांचं आहे त्यांच्या उच्चारात ठ शाबूत आहे, तो लेखनात घालवू नये.

सहा ही तिथी आहे, दिवसांची संख्या नव्हे. कार्तिक शुद्ध चतुर्थीला 'नहाय-खाय': स्नान करून एकवेळचं सात्त्विक जेवण, भात, हरभऱ्याची डाळ आणि कद्दू. मराठी लेखांत इथे हमखास 'लाल भोपळा' येतो. तो चूक आहे, कारण बिहारमध्ये कद्दू म्हणजे दुधी. पंचमीला 'खरना': दिवसभर निर्जळी, सूर्यास्तानंतर गुळाची खीर नि पोळी. तिथून पुढे सुमारे ३६ तास पाण्याचा थेंबही नाही. षष्ठीला व्रती पाण्यात उभं राहून, ठेकुआ (कणीक-गुळाचा तळलेला गोड पदार्थ), ऊस, केळी, नारळ भरलेलं बांबूचं सूप हाती धरून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात. हा मुख्य दिवस, म्हणून नाव त्याचं. सप्तमीला उगवत्या सूर्याला अर्घ्य आणि मग पारणं. ('अर्ध्य' छापू नका. घ आहे. अर्घ म्हणजे मोल. 'महर्घ'चंच आपलं 'महाग' झालं.)

सूर्याच्या व्रतात 'छठी मैया' का, याचंही उत्तर याच शब्दात आहे. ही षष्ठी देवी, लेकरांची राखणदार. तिला आपण चांगले ओळखतो. षष्ठीच्या ष चा हिंदी पट्ट्यात छ झाला, मराठीत स: तिकडे छह, इकडे सहा, तिकडे छठी, इकडे सटी. त्याच सटीची सटवाई. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री येऊन त्याच्या कपाळी ललाटलेख लिहिणारी ती हीच. बिहारमध्येही बाळाची 'छठी' सहाव्याच दिवशी करतात. फरक एवढाच, की आपल्याकडे सटवाई बाळंतिणीच्या खोलीपुरती राहिली आणि सूर्योपासना रथसप्तमीकडे गेली, तिकडे दोन्ही एका व्रतात आल्या.

मराठीत 'छठ' स्त्रीलिंगी चालवावा, 'छठ आली', आणि समास म्हणून 'छठपूजा' जोडून लिहावं.