मिशन सेवेसाठी सेमिनरी: करावी का, आणि कुठे?

प्रभूच्या नावात सलाम. तू लिहिलंस ते थोडक्यात असं: सांगलीत बी.एस्सी. झालं, घर मिरजेच्या जुन्या प्रेस्बिटेरियन वळणाचं, म्हणजे बाळपणीच बाप्तिस्मा देणारं, दोन वर्षांपूर्वी बॅप्टिस्ट संगतीत बुडवून बाप्तिस्मा घेतलास, आता पूर्णवेळ मिशन सेवेत जायचंय. सेमिनरी म्हणजे पाळक-मिशनरी घडवणारं विद्यालय; तिथली एम.डिव्ह. ही पदवी अमेरिकेत करावी की बी.डी. ही पदवी पुण्यात, हा तुझा प्रश्न. आणि वडील म्हणतात, भारतात आलेला तो इंग्रज मिशनरी विल्यम केरी जोडे शिवायचा, तो कुठल्या सेमिनरीत गेला होता? तुझ्यापेक्षा बराच मोठा आहे, म्हणून एकेरीत लिहितो.

आधी वडिलांचं. केरी सेमिनरीत गेला नाही हे खरं. पण जोडे शिवता शिवताच त्याने लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकून घेतली. 1793 मध्ये तो बंगालात उतरला. 1805 मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापून निघालं, 1810 मध्ये कोश, 1811 मध्ये मराठी नवा करार. आणि 1818 मध्ये त्याने व त्याच्या सोबत्यांनी बंगालातच सेरामपूरला कॉलेज काढलं. 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आज पुण्यात मिळते ती बी.डी. त्याच सेरामपूरच्या सिनेटची. वडिलांना एवढं नक्की सांग.

पण केरीच्या त्या मराठी नव्या कराराची दुसरी बाजूही सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. केरी मराठी मुलखात कधी राहिला नाही. बंगालात बसून वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने ते काम केलं. मुंबईकडच्या लोकांना ती भाषा जड गेली. शेवटी मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुन्हा भाषांतर केलं, त्यांचा नवा करार 1826 मध्ये आला. एवढी विद्वत्ता, एवढी निष्ठा, तरी माणसांत राहून भाषा कानावर पडली नाही की असं होतं.

माझ्या बाबतीतही हेच झालं. बी.डी. करून आलो तेव्हा तासगाव तालुक्यात एका बेदाण्याच्या शेडवर संध्याकाळची प्रार्थना असायची. निवडायला येणाऱ्या दहा-बारा बायका, हात चिकट, समोर क्रेट. मी नव्या करारातल्या पौलाच्या रोमकरांस पत्रावर बोललो. विश्वासाने नीतिमान ठरणे, पाऊण तास. शिकलेलं सगळं सांगितलं. संपल्यावर एक म्हातारी मावशी म्हणाली, "म्हंजी सातबाऱ्यावरचा बोजा उतरला म्हणायचं. आपण फेडला न्हाई, दुसऱ्यानं फेडला, पर उतारा कोरा झाला. असंच न्हवं?"

मी गप्प झालो. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल जो ग्रीक शब्द पुन्हा पुन्हा वापरतो, लोगिझोमाय, तो हिशेबाचाच शब्द आहे: खात्यावर जमा धरणे. परीक्षेत मी त्याची सगळी रूपं लिहिली होती. मावशींनी एका वाक्यात त्याचं मराठी केलं. त्या बरोबर बोलल्या हे मला ओळखता आलं ते ग्रीक शिकल्यामुळे, आणि ते मला स्वतःला सुचलं नाही ते चार वर्षं इंग्रजीतच विचार केल्यामुळे. दोन्ही खरं आहे. म्हणून सेमिनरी कर, आणि भाषांच्या तासांना अंग चोरू नकोस. पण रोज रात्री दिवसभराच्या शिक्षणातली एक गोष्ट मराठीत, घरच्या माणसाला सांगावी तशी, वहीत लिहीत जा. मी हे उशिरा सुरू केलं.

पंडिता रमाबाईंकडे बघ. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल आणलं. त्या 1922 मध्ये गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. साताऱ्यात 1917 मध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा मांडला तेव्हा त्यांच्या हातात अभंग होते. आपला वारसा हा आहे.

आता कुठे. एम.डिव्ह. साधारण तीन वर्षांचं, पदवीनंतरचं: जुना-नवा करार, मूळ भाषा, ईश्वरविज्ञान, मंडळीचा (चर्चचा) इतिहास, उपदेशशास्त्र, मिशनशास्त्र. अमेरिकेतल्या लुईव्हिलची सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरी 1859 पासूनची, अभ्यास कसून घेतात. तिथल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्या 1925 पासून एकत्र निधी उभारतात, म्हणून त्यांच्या सभासदांना फी कमी पडते. ती सवलत तू गृहीत धरू नकोस. माझं मत स्पष्ट आहे: आधी पुणे. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी (1983 पर्यंत ती यवतमाळला होती) कुठल्या एका पंथाची नाही. तिथे तुझ्या शेजारी बाळबाप्तिस्मा मानणारा बसेल आणि तुला तुझी भूमिका शास्त्रातून मांडावी लागेल. ते तुझ्या भल्याचं आहे. शिवाय शनिवार-रविवारी सांगलीला येता येतं. अमेरिका पुढे शिकवायचं ठरलं तर बघ.

मात्र फॉर्म भरण्याआधी मंडळीपुढे उभा राहा. बॅप्टिस्टांत वरून नेमणूक करणारा बिशप नसतो. देवाचं पाचारण ओळखायचं, सेवेची दीक्षा द्यायची आणि पाठवायचं, हे स्थानिक मंडळीचं काम. पदवी हातात आहे आणि पाठवणारी मंडळी नाही, अशी दोन-तीन चांगली मुलं मी खचलेली पाहिली आहेत.

तुझ्या या बाप्तिस्म्याने आजी अजून दुखावलेली आहे असं लिहिलंस. 1812 मध्ये अमेरिकेहून निघालेल्या पाच मिशनऱ्यांच्या तुकडीत ॲडोनिराम जडसन होता. जहाजावर त्याने बाप्तिस्म्याचा अभ्यास केला, कलकत्त्याला बुडवून बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या मिशनने पाठवलं त्याचा राजीनामा दिला. त्याच तुकडीतला गॉर्डन हॉल जुन्याच मतावर राहिला, मुंबईला आला आणि मराठी मिशन उभं केलं. दोघांनीही हाडं झिजवली. आजीला हे सांग, आणि तिच्या मंडळीबद्दल कमी शब्द कधी बोलू नकोस. तुला पहिली प्रार्थना तिनेच शिकवली असणार.

वडिलांना घेऊन एखाद्या रविवारी उपासनेनंतर ये. फॉर्म आपण तिघं बसून वाचू.