आधी हात बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू वाचनालयात आलीस तेव्हा मी पेपरच्या टेबलाशी बसलो होतो. इथल्या ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी सहा वाजले की पाय तिकडेच वळतात. तू पर्समधून घडी घातलेला कागद काढलास. आयुष्यात एकदा तरी वाचावीत अशी शंभर पुस्तकं. अकरांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. त्यातली नऊ कंटाळत संपवली म्हणालीस, आणि मग खाली बघून, 'काका, मी बहुतेक वाचणारी नाहीच.' दिवसभर पतसंस्थेत आकडे मांडून संध्याकाळी घरी जायच्या आधी वाचनालयाचा जिना चढणारी मुलगी असं म्हणते, याचा मला त्या रात्री झोप लागेपर्यंत राग येत होता. तुझा नाही. म्हणजे थोडा तुझाही.

आवडतं काय, असं मी विचारलं, तर चोरी कबूल करावी तसं एकेक सांगितलंस. किल्ले. रस्त्यावरची झाडं. आजीच्या हातचं जेवण. गच्चीवरचे तारे. आणि जुने हिशेब, कोणी कशाला किती पैसे दिले ते वाचायला मजा येते म्हणून. घरचे म्हणतात, एक काहीतरी धर. का बरं? तुमच्या पतसंस्थेतसुद्धा एकाच माणसाची बचत, आवर्त आणि मुदत अशी तीन-तीन खाती गुण्यागोविंदाने चालतात.

वाचन किती चांगलं, ते तुला सांगत बसत नाही. सांगायचं एकच आहे, आणि ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. पुस्तक उचललंस की आधी लिहिणाऱ्याचे हात बघ. ज्या कामाविषयी तो लिहितोय त्या कामात ते मळलेत का? मळले असतील तर घे. मग ते कुठल्या यादीत नसो, बक्षीस नसो, पुठ्ठा निघालेला असो.

ताऱ्यांपासून सुरू करू, सध्या आभाळ स्वच्छ आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे नाव तुझ्या शंभरात नाही. दापोलीजवळच्या मुरूडचा माणूस, पेशाने शिक्षक. १८५३ चा जन्म, १८९८ मध्ये गेला, म्हणजे उणंपुरं पंचेचाळीस वर्षांचं आयुष्य. त्यात त्याने भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला, १८९६ साली. तो ग्रंथ तुला आज नको, जड आहे. पण याच माणसाने साध्या वाचकासाठी 'ज्योतिर्विलास' लिहिलं आणि त्याला जोडनाव दिलं 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. रोज वर्ग घेणाऱ्या मास्तरालाच कळतं की ऐकणारा किती वेळ टिकतो! पुस्तक गच्चीवर ने. डिसेंबर-जानेवारीत आठच्या सुमारास पूर्वेला मृग वर आलेला असतो. त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सापडला की त्याच रेषेत खाली उतर, व्याध आपोआप सापडेल. रात्रीच्या आभाळात त्याच्याइतका तेजस्वी तारा दुसरा नाही.

आता माझी लाज. हे पुस्तक मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी वाचलं. त्याआधी वीस वर्षं ते आपल्याच वाचनालयात 'ज्योतिष' या पाटीखाली, राशिभविष्याच्या पुस्तकांत कोंबलेलं होतं. नाव बघून तिथे मीच ठेवलं होतं.

किल्ल्यांचं म्हणशील तर रसाळ वर्णनांची पुस्तकं तुला कोणीही देईल. ती घरी वाच. डोंगरावर जाताना 'सांगाती सह्याद्रीचा' शोध. मुंबईच्या यंग झिंगारो ट्रेकर्सनी केलेलं. वाटा स्वतः तुडवून, चुकून, परत येऊन लिहिलेलं. त्याच्या झेरॉक्स प्रती भटक्यांच्या हातोहात फिरल्या. माझ्याकडे आहे तीही झेरॉक्सच, आणि तिच्यावर कोणाच्या तरी चहाचा गोल डाग आहे. पुस्तकाची ती पावती समज. मात्र जुन्या वाटांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. मधल्या काळात धरणं झाली, रस्ते झाले, दरडी कोसळल्या. पायथ्याच्या गावात विचार आणि गावकरी काय सांगतो ते पेन्सिलीने समासात लिही. हो, समासात. एके काळी समासात लिहिणाऱ्याकडून मी दंड घेत असे, तोच मी सांगतोय.

आणखी तपशील हवा असेल तर जुनी गॅझेटियर आहेत, म्हणजे ब्रिटिश सरकारने काढलेली जिल्हावार माहितीची पुस्तकं. इंग्रजीत आहेत म्हणून घाबरू नकोस, तुझं इंग्रजी त्याला पुरेल. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं, तीन भागांत. राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. परक्या सरकारने आपल्या सोयीसाठी केलेलं काम आहे, हे विसरू नकोस. पण पिकं, बाजार, घाट, देवळं अशी नोंद एकत्र दुसरीकडे सहसा मिळत नाही.

जुन्या हिशेबांची तुझी आवड ऐकून तर मला हसू आलं, कारण ती माझीही. दोन पुस्तकं सांगतो. पहिलं गोडसे भटजींचं, 'माझा प्रवास'. नाव ऐकलं असशील. ऐकलेली माणसं पुष्कळ, शेवटपर्यंत गेलेली थोडी. हा पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक घरावरचं कर्ज फिटावं म्हणून दानदक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेला निघाला आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. मिळवलेलं लुटलं गेलं, आणि तरी घरी येताना गंगेची कावड घेऊन आला. त्याला इतिहास लिहायचा नव्हता, म्हणूनच दक्षिणा किती मिळाली, जेवायला काय होतं, कुठे भीतीने पोटात गोळा आला, सगळं येतं. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण मजकुरात बराच हात फिरवून. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली. ती घे. हात बघायचे म्हटल्यावर मधे दुसऱ्याचा हात कशाला?

दुसरं, त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गाव-गाडा', १९१५ चं. हे आत्रे वेगळे, नाटकवाले नव्हेत. महसूल खात्यात नोकरी, गावोगाव फिरणं. बलुतेदाराला धान्य किती आणि कशाबद्दल, जास्त वाट्याची थोरली ओळ कोणाची, कमी वाट्याची धाकटी कोणाची, वतनदार कुठे कसा हात मारतो, हे त्यांच्याइतकं बारीक कोणी लिहिलेलं मला माहीत नाही. पण इथे थांब. हात मळलेले असले तरी ते कोणत्या बाजूने मळलेत, तेही बघावं लागतं. हा माणूस खुर्चीवर बसून गाव बघतो. खालच्या मानलेल्या जातींविषयी, भटक्यांविषयी त्याची काही पानं वाचताना तुझं डोकं फिरेल, फिरायलाच हवं. म्हणून त्याच्या शेजारी बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' ठेव. फलटणला दुकान चालवता चालवता लिहिलेलं आणि वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलेलं. आत्रे ज्या गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे लांबून बघतात, तिच्या आतून हे पुस्तक आलंय. दोन्ही एका महिन्यात वाच. 'गाव-गाडा' सलग वाचू नकोस, जड जाईल. बलुत्यांचं प्रकरण काढ, तिथून हवं तिकडे जा. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंतच वाचायचं, हा हट्ट तुला शिकवला कोणी? तुझ्या अकरांपैकी नऊ त्यानेच मारली.

मी एवढा तावातावाने का बोलतोय, तेही सांगून टाकतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मोठं निर्लेखन केलं. दहा वर्षांत ज्यांची देवघेव नाही किंवा नावापुरती आहे, अशी पुस्तकं दाखल नोंदवहीतून बाद करायची. यादी मी केली. त्यात विहिरी आणि जमिनीतलं पाणी यांवरचं एक पातळ पुस्तक होतं. देवघेव पट्टीवर तारखा भरपूर, पण कार्ड पाहिलं तर वाचक एकच, पुन्हा पुन्हा तोच. मी हिशेब केला, एकाच माणसासाठी जागा अडवायची कशाला. रद्दीत गेलं. महिन्याभराने तो आला. विहिरी बांधणारा गवंडी होता, नखांत सिमेंट. पुस्तक मागितलं. मी म्हटलं, बाद झालं. 'बरं' म्हणाला, अनामत परत घेतली आणि गेला. पुन्हा आला नाही.

आता तू म्हणशील, एका पुस्तकाचं काय एवढं. अगं, कपाटं अपुरी होती. अनुदानाची तपासणी तोंडावर होती. वाळवी लागली होती. मंडळाचा ठराव होता, सही एकट्या माझी नव्हती. सगळीकडे असंच करतात. आणि मोकळ्या झालेल्या जागेत मी वाईट काही आणलं का? पुरस्कारवाल्या कादंबऱ्या आणल्या, चांगल्या आणल्या. त्यातल्या निम्म्या मी स्वतः वाचलेल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी. एकतीस वर्षं लोकांना मी बक्षिसं बघून पुस्तकं सुचवली आणि ज्याचे हात समोर टेबलावर दिसत होते त्याचं पुस्तक किलोवर विकलं. तेव्हा हात बघ असं मी म्हणतो ते कुठून आलंय, हे तुझ्या लक्षात येईल. असो.

स्वयंपाक. 'रुचिरा' तुझ्या घरात असणारच, ते सांगत नाही. मागे जा. रामचंद्र सखाराम गुप्त्यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं आहे. त्यानंतर १९१० चं लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र', एक हजार पाकक्रिया. मुंबईच्या पाठारे प्रभू घरातल्या मासळी-मटणासकट. आजीचं जेवण आवडतं म्हणतेस ना, मग आजीच्या आजीच्या वेळची चूल बघ. दशमान मापं आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी रुळली, त्यामुळे त्याआधीच्या पाककृती हातात आल्या की शेर-नवटाक भेटणार. तिथे गोंधळू नकोस. शेर गावोगाव वेगळा असे आणि मापी शेर निराळाच, पण वजनाचा ऐंशी तोळ्यांचा शेर धरलास तर बहुतेक ठिकाणी निभावतं. एक पदार्थ करून बघितल्याशिवाय मात्र पुस्तक परत करायचं नाही. आईने स्वयंपाकघरात घेतलं नाही तर माझ्या घरी ये, काकूला हल्ली तिखट चालत नाही एवढं लक्षात ठेव.

झाडांना शरदिनी डहाणूकर. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टर, औषधांचा अभ्यास, आणि जाता-येता शहरातली झाडं बघणाऱ्या. 'वृक्षगान' घे, नंतर 'फुलवा'. पक्ष्यांकडे वळलीस तर मारुती चितमपल्ली, वनखात्यात आयुष्य काढलेला माणूस. तिथे मी जास्त बोलणार नाही, त्यांना सुचवणारे पुष्कळ आहेत.

आणि आता या सगळ्यांचं मूळ. शंकर गणेश दात्यांची 'मराठी ग्रंथसूची'. पहिला खंड १९४४ चा, त्यात १८०० ते १९३७ पर्यंतची छापील मराठी पुस्तकं. दुसरा १९६१ चा, १९५० पर्यंत येतो. नुसती यादी, विषयवार. सलग वाचायला गोष्ट नाही, कविता नाही, प्रत्येक पुस्तकाचं फक्त नाव, लेखक, साल, पानं, किंमत. तुझ्यासारखीला याच्यासारखी मेजवानी नाही. एखादा विषय काढ आणि बघ, मराठी माणसाने कशाकशावर लिहून ठेवलंय. घोडे, गूळ, कुस्ती, हार्मोनियम, छापखाना. दात्यांनी 'शंभर वाचाच' असं काही म्हटलेलं नाही. त्यांनी दार उघडून ठेवलं आणि बाजूला झाले. ग्रंथपाल असून मी नेमकं उलटं केलं.

तू म्हणशील, हात मळलेला माणूस चांगलं लिहितोच असं कुठे आहे. नाहीच लिहीत. पुष्कळदा रटाळ लिहितो, एकच गोष्ट तीनदा सांगतो. माझ्याकडेच बघ. पण रटाळ पानं उलटता येतात. ज्याने काम केलेलंच नाही त्याच्या गोड पानांचं काय करशील? आणि अशी पुस्तकं मिळत नाहीत, ही सबब सांगू नकोस. काही साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतील, काही जिल्ह्याच्या जुन्या ग्रंथालयात मागच्या कपाटात असतील. ग्रंथपाल 'नाही' म्हणाला तर दाखल नोंदवही दाखवा म्हण. चिडेल. मीही चिडायचो. उभी राहा.

रविवारी दहानंतर ये. सूचीचा पहिला खंड माझ्याकडे आहे, जड आहे, कापडी पिशवी आण. फक्त पुठ्ठ्याला धरून उचलू नकोस, शिवण सुटलेली आहे.

तुझा
काका

ता. क. तुझा तो शंभर पुस्तकांचा कागद टेबलावरच राहिला. त्याची पाठ कोरी होती, म्हणून तिच्यावर शेर, पावशेर आणि नवटाक यांचे ग्रॅम लिहून ठेवलेत. शेर ९३३, पावशेर २३३, नवटाक ११७. स्वयंपाकघरात लाव.