माशांच्या उत्क्रांतीत 'मधल्या टप्प्यातला' मासा आजवर एकही सापडला नाही म्हणतात, खरंय का?

नाही बाप्पा, सापडलेत. आणि काही तर म्युझियमच्या कपाटात दीडशे वर्षं पडून होते, नीट बघितलंच नाही कोणी.

माझं आवडतं उदाहरण लेपा माशाचं. आम्ही नागपूरवाले, आमची मजल रोहू-कतल्यापर्यंत, पण कोकणात जाऊन आलेल्यांना माहीत असेल, चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. पिल्लू असताना मात्र दोन्हीकडे एकेक डोळा असतो, वाढता वाढता एक डोळा डोक्यावरून सरकून पलीकडे जातो आणि मग मासा जन्मभर तळाशी आडवा पडून राहतो. 1871 ला मायव्हर्ट नावाच्या जीवशास्त्रज्ञाने डार्विनला यावरूनच पकडलं, की बाबा डोळा अर्धाच सरकला असेल तर त्याचा फायदा काय? सवाल रास्तच होता.

आता गंमत बघा, इटलीतल्या व्हेरोनाजवळ बोल्का म्हणून जागा आहे, तिथल्या सुमारे 5 कोटी वर्षं जुन्या खडकात समुद्री माशांचे अख्खेच्या अख्खे ठसे मिळतात, त्यातल्या अँफिस्टियम नावाच्या माशाला अगासी या जुन्या माशांच्या अभ्यासकाने डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकाच्याही आधी नाव देऊन ठेवलेलं. 2008 मध्ये मॅट फ्रीडमन या जीवाश्म-अभ्यासकाने तो आणि हेटेरोनेक्टीस असे दोन मासे सीटी स्कॅन वगैरे करून तपासले तर एक डोळा वर सरकलेला, पण मधली रेषा ओलांडलेलीच नाही! आणि ही पिल्लं नव्हती बरं का, पूर्ण वाढलेले मासे होते. आजचे काही चपटे मासे परांवर अंग थोडं उचलून धरतात, तसं केलं तर अर्धा सरकलेला डोळाही कामाचाच की.

याच्या खूप मागे जायचं तर चीनच्या युनानमधला गुईयू आहे, जवळपास 42 कोटी वर्षांचा, हाडवाला मासाच, पण पराच्या पुढे दणकट काटा, तसा शार्क अन् इतर जुन्या माशांत दिसतो, म्हणजे दोन्हीकडच्या खुणा एकाच माशात.

आणि मधल्या टप्प्यातला नाही, पण जुना मासाच बघायचा तर लांब कशाला, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लॅमेटा नावाच्या खडकथरातून वुडवर्ड या जीवाश्म-अभ्यासकाने 1908 ला पिक्नोडस लॅमेटी हा मासा नोंदवलाय, डायनोसॉरच्या शेवटच्या काळातला. याच्या गटातले मासे, म्हणजे पिक्नोडॉन्ट, बहुतेक समुद्रातले, गोल चपट्या दातांनी शिंपले फोडून खाणारे, त्यामुळे इथे समुद्राचं पाणी पोचलं होतं का यावर अभ्यासकांत अजून वाद चालूच आहे. त्यांचे भाऊबंद डायनोसॉर गेल्यावरही टिकले, बोल्कातही सापडतात, नंतर मात्र संपले.