आधी डोक्याच्या मागचा हिशेब

प्रिय मित्रा,

वय 23, आणि पुढच्याच महिन्यात हेअर ट्रान्सप्लांट करायचं म्हणतोस, म्हणून घाईने लिहितोय. माझा विरोध शस्त्रक्रियेला नाही, तुझ्या घाईला आहे.

यात नवे केस तयार होत नाहीत, हे आधी ध्यानात घे. डोक्याच्या मागचे आणि कानांवरचे केस टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला सहसा बधत नाहीत. तेच मुळासकट काढून पुढे लावतात आणि नव्या जागीही ते आपला गुण सोडत नाहीत. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 मध्ये हे मांडलं. आजही सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. पण हे मागचे केस म्हणजे मुद्दल आहे. बहुतेकांना जन्मभरात काही हजारच ग्राफ्ट (मुळासकट काढलेले केसांचे बारीक पुंजके) काढता येतात आणि काढलेल्या जागी पुन्हा उगवत नाही. आत्ताच कपाळ झाकण्यात निम्मे उडवलेस आणि पस्तिशीत टाळू उघडा पडला, तर? पुढे झालर आणि मागे मैदान! भोवऱ्याची जागा तर कितीही ग्राफ्ट गिळते. म्हणून जाणता डॉक्टर तरुणाची केसरेषा मुद्दाम जरा वर आखतो.

शिवाय मूळच्या केसांची गळती ट्रान्सप्लांटने थांबत नाही. त्यासाठी मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड ही औषधं असतात. ती आधी वर्षभर घेऊन बघ. फिनास्टेराइडने काहींना लैंगिक तक्रारी होतात, तेव्हा डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. चाई, थायरॉइड किंवा लोहाची कमतरता असेल तर उपचारच वेगळा.

ग्राफ्ट काढायच्या दोन पद्धती आहेत: एफयूटीत त्वचेची पट्टीच कापतात, तिथे मागे लांब व्रण राहतो; एफयूईत एकेक ग्राफ्ट सुटा काढतात, तिथे बारीक ठिपके. व्रणच राहत नाही असं सांगणाऱ्याकडे जाऊ नकोस. त्यापेक्षा थेट विचार: भूल कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार, छेद कोण घेणार? ‘आमची टीम’ एवढंच उत्तर आलं तर उठून ये.

लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात. तेव्हा घाबरू नकोस, मुळं आत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे फुटतात आणि खरं रूप दिसायला वर्ष तरी लागतं.

तूर्त त्वचारोगतज्ज्ञाकडून मागच्या केसांची घनता मोजून घे. वडिलांच्या आणि मामांच्या डोक्यांकडेही एकदा नीट बघ. ॲडव्हान्स मात्र अजून भरू नकोस.

तुझा,
दादा