ॲम्पवर बेस-मिड-ट्रेबल असताना प्रोग्रॅमेबल इक्वलायझर पेडल कशाला?

तुमचा प्रश्न असा: ॲम्पवर (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीवर) तीन बटणं आहेतच, मग मेमरीवालं इक्वलायझर पेडल, म्हणजे खर्जापासून तारेपर्यंतचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करून ते सेटिंग लक्षात ठेवणारी पायाशी ठेवायची डबी, घेऊन काय साधतं आणि ते जोडायचं कुठे? 'टोन बोटांत असतो, पेडलात नाही' असं तुमचे गिटारचे सर म्हणाले, हेही तुम्ही लिहिलंय. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलोय. हेच वाक्य मी आमच्या भावोजींच्या तोंडून अकरा वर्षं ऐकतोय.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. दिवसा नोकरी, लग्नाच्या मोसमात ऑर्केस्ट्रात लीड गिटार. भावोजी त्याच ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर. आमच्यात बेस गिटारवाला नाही, त्यामुळे खर्ज भावोजींच्या डाव्या हाताकडे. हा डावा हात लक्षात ठेवा.

एका पावसाळ्यात मी सात स्लायडरचं सेकंडहँड इक्वलायझर पेडल आणलं आणि अख्खा श्रावण बेडरूममध्ये त्याच्याशी खेळण्यात घालवला. दोन्ही टोकं वर, मधलं सगळं खाली. आवाज असा मऊ आणि भरदार झाला की बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज बरं वाजतंय." हे तिच्याकडून फार मोठं. मग तिच्याच नेलपॉलिशने प्रत्येक स्लायडरशेजारी ठिपका दिला, म्हणजे सेटिंग हरवायला नको.

मोसमातलं पहिलंच रिसेप्शन बार्देशात, उघड्या लॉनवर. माझा सोलो आला, मी डोळे मिटले, मान मागे टाकली, जीव तोडून वाजवलं. खाली उतरलो तर जेवणाच्या रांगेतून मावसभाऊ ओरडला, "कांयच आयकूंक येना मरे!" आणि मोबाईल पुढे केला. व्हिडिओत माझी बोटं धावतायत, चेहऱ्यावर भाव ओसंडतायत, आणि ऐकू येतंय ते कीबोर्ड आणि ढोलक. वीस सेकंद. बिनआवाजाच्या टीव्हीसारखा मी. भावोजी खतखत्याची वाटी हातात घेऊन शेजारीच उभे होते. चार लोकांसमोर म्हणाले, "हात कच्चा आहे अजून. टोन बोटांत असतो." ताईचा नवरा. काय बोलणार?

घरी बॅग उघडली तर दोन स्लायडर नेलपॉलिशच्या ठिपक्यापासून बोटभर सरकलेले. स्कूटरवर, खड्ड्यांतून, दुसरं काय होणार? पण ते जागेवर असते तरी गिटार बुडालीच असती, हे कळायला मला आणखी दोन मोसम लागले.

कारण साधं आहे. गिटारची मोकळी जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, बारीक तार ३३० वर. मी जो खर्ज वाढवून ठेवला होता, तिथे भावोजींचा डावा हात आणि ढोलकाची घुमी आधीच पसरून बसली होती. वरच्या टोकाला झांज. गिटारची ओळख पटते ती साधारण ५०० ते २५०० च्या पट्ट्यात, आणि नेमका तोच मी कापला होता. बेडरूममध्ये तो आवाज गोड लागला, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर दोन्ही कमी ऐकू येतात. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय. म्हणजे घरी हळू वाजवताना लावलेलं सेटिंग स्टेजवर खोटं ठरणारच. ॲम्पची तीन बटणं ही कामं करत नाहीत असं नाही, पण दोन गाण्यांच्या मधे वाकून ती फिरवणार कोण?

म्हणून मेमरी. मी बॉसचं ईक्यू-२०० वापरतो: दोन चॅनल, प्रत्येकी दहा पट्टे, वर-खाली १५ डेसिबलपर्यंत. मेमऱ्या १२८ आहेत. मला चार पुरतात, तुम्हालाही पुरतील. रिदमला १२५ च्या आसपास सहा डेसिबल सरळ छाटतो, २५० ला तीन. एकटी ऐकाल तर ही गिटार पत्र्याच्या डब्यासारखी लागते. लागू द्या, ती एकटी ऐकायची नाहीच. सोलोला १००० च्या आसपास चार डेसिबल वर आणि एकूण लेव्हल थोडी वर. तिसरी मेमरी खास आपल्याकडची: रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, म्हणून पावणेदहापासूनच साऊंडवाला मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र आवाज, खाली ओढायला लागतो. आवाज पडला की तोच रिदम एकदम किडकिडीत होतो, तिथे थोडा खर्ज परत द्यायचा. चौथी नायलॉन तारांच्या गिटारसाठी. ती २०० च्या आसपास शिट्टी मारायला लागते, तेवढंच कापलेलं.

जोडायचं कुठे? डिस्टॉर्शनच्या (आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेडलच्या) आधी लावलं तर इक्वलायझरने आवाज फारसा वाढत नाही, खरखर वाढते. सोलो वर काढायचा असेल तर डिस्टॉर्शननंतर किंवा ॲम्पच्या लूपमध्ये, म्हणजे ॲम्पचा पहिला टप्पा संपल्यावर पेडल जोडायला दिलेल्या जागी.

आता बोटांचं. भावोजी दरवर्षी सप्ताहात भजनाला बसतात. गेल्या वर्षी मी त्यांच्या शेजारी होतो. पखवाजवाल्याने सुरुवातीला डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापला, थाप मारून ऐकलं, जरा खरवडून काढला, पुन्हा ऐकलं. मी हळूच विचारलं, "भावोजी, हा खर्ज बोटांतून का येत नाही मग?" ते म्हणाले, "ते वेगळं." कसं वेगळं? कणीक वाढवली की खर्ज वाढतो, खरवडली की घटतो. तुमच्या सरांनाही हे विचारा, आदरानेच विचारा.

आता थोडं स्वतःच्या विरुद्ध. बोटं कच्ची असली तर पेडल ती कच्ची बोटं अधिक स्पष्ट ऐकवतं. तुम्ही घरीच एकटे वाजवत असाल तर ते पैसे तारांवर आणि गिटार नीट जुळवून घेण्यावर घाला. आणि खर्ज वाढवून आवाज सुधारण्याचा मोह तर अजिबात नको, आधी कापून बघा. शिवाय तुमच्या बँडमधला कीबोर्डवाला डावा हात आवरायला तयार असेल तर हे पेडल निम्मं अनावश्यक. आमचे भावोजी तयार नाहीत. मागच्या महिन्यात डिचोलीच्या कार्यक्रमानंतर मात्र त्यांनी माझ्या पेडलवर वाकून विचारलं, "ही दुसरी चॅनल रिकामीच असते का रे?"

मी वायरी गुंडाळत होतो. "बोटांनी भागत नाही का?" एवढंच म्हणालो. तेव्हापासून ताईचा फोन नाही.